चित्र क्रमांक चौऱ्याऐंशी

औशाच्या वाचनालयात, कपाट सहा, खालून दुसरा कप्पा:
कलेचा इतिहास, सचित्र, सामान्य वाचकांसाठी.
खंड दुसरा. पहिला आमच्याकडे कधी आलाच नाही,
त्यामुळे आमच्या गावात कला
पान तीनशे एकपासून सुरू होते.

कापडी बांधणी. कण्यात वाळवीची एक बारीक गल्ली.
आतली चित्रं फक्त वरच्या कडेला चिकटवलेली,
प्रत्येकावर पातळ कागद,
दुधावरची साय उचलावी तसा उचलायचा.

लेखक कुणी निवृत्त मास्तर असावेत.
इटलीला त्यांनी सत्तर पानं दिली, हॉलंडला बावीस,
आणि आमच्या खरोशाला दोन ओळी:
'येथील लेणी झिजलेली असून सामान्य वाचकास
त्यांत फारसे पाहण्यासारखे नाही.'
खाली शिसपेन्सिलीने कुणीतरी विचारलंय,
'तुम्ही कोणत्या वेळेला गेला होता?
चारनंतर जा. तेव्हा दगड पेटतो.'

अक्षराची गोलाई मी लगेच ओळखली.
चाँदपाशा पेंटर. बसस्टँडसमोरचा.
बियाणांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागे 'आईची कृपा',
निवडणुकीत भिंती, दोन्ही पक्षांच्या.
पुस्तक घरी द्यायचं नाही असा नियम,
म्हणून तो दुपारी यायचा, रॉकेलने हात धुऊन,
आणि पान बोटाने नाही, बोटाच्या पेराने उलटायचा.

उघडायचा एकच. चौऱ्याऐंशी.
तबेल्यासमोर उभा एक करडा घोडा, पाठमोरा,
खोगीर चढवलेलं, स्वार नाही.
'मॅडम, ह्यो कुणासाठी थांबलाय, त्ये लिवलंय का?'
मी शोधलं. घराण्याचं नाव होतं, कॅनव्हासची लांबीरुंदी होती,
प्रकाश डावीकडून येतो हेही होतं.
'नाही लिहिलं.'
'मंग बरं हाय,' म्हणाला.

मग त्र्याण्णवची ती पहाट.
कपाट सहा तोंडावर पडलं.
आम्ही वाचलो, बरेचसे. पलीकडची गावं नाही वाचली.
चार दिवसांनी पुस्तकं उचलताना
मी नोंदवहीत लिहिलं: चित्र ८४, गहाळ, भूकंपात.
ते खरं नव्हतं.
गणपतीच्या आधीच मला तिथे
डिंकाचा वाळलेला डाग दिसला होता
आणि मी पातळ कागद पुन्हा नीट झाकला होता.

थंडीत मुलांची मासिकं घेऊन शेडमध्ये गेले.
पत्र्याच्या ओळीच ओळी, नंबर घालायचं काम चाँदपाशाला मिळालेलं,
नंबराला दोन रुपये.
कुणी नुसते फराटे ओढले असते.
याने पाचाचं पोट भरून काढलेलं,
नवाला शेपूट, आणि प्रत्येक आकड्याला सावली,
सराफाच्या पाटीला देतात तशी.

चौऱ्याऐंशीपाशी थांबले.
आकड्याच्या बाजूला, तळहाताएवढा,
करडा, पाठमोरा.
दाराला कुलूप होतं.
शेजारची बाई म्हणाली, ज्यांच्या नावानं निघाली ही खोली
त्यातलं कुणी आलंच नाही अजून.

मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.
नंतर फ्लेक्सची मशीन आली, तो मुलीकडे उमरग्याला गेला.
शेडचे पत्रे गोठ्यांवर चढले. कुठल्यातरी म्हशीवर
उन्हाळ्यात त्याचा आठ अजून तापत असेल.

परवा तपासणी झाली. साहेबांनी बोट ठेवलं:
एक चित्र कमी आहे, वसुली?
पुस्तकाची किंमत सात रुपये आठ आणे, चित्रं एकशे बारा.
भागाकार केला. पावणेसात पैसे येतात.
पावती फाडली चाँदपाशाच्या नावाने
आणि सुट्टे नव्हते म्हणून माझा एक रुपया टाकला.

पातळ कागद मी अजून काढलेला नाही.
इतकी वर्षं दाबून बसल्याने त्यावर
शाईची एक फिकट पाठ उमटलीय, उलटी.
खिडकीशी धरली, चारनंतर, तर दिसते.

रुपयातले उरलेले पैसे
त्याच्या चंदीला.