भाग क्रमांक सात

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते,
तिच्यात भागाचं नाव लिहावं लागतं.
मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले.
कडी म्हणावी तर कोयंडा नाही,
खिट्टी म्हणावी तर फिरत नाही,
आणि आगळ म्हणजे फारच झालं
कॉम्प्युटरच्या डब्याला, वीतभर पत्र्याला.
शेवटी लिहिलं : जीभ.
पत्र्यातूनच कापलेली, तीन बाजूंनी सुटी,
चौथ्या बाजूनं पत्र्यालाच धरून राहिलेली.
अंगठ्यानं दाबली की आत, सोडली की बाहेर.
चार स्क्रू गेले. स्क्रूड्रायव्हर शोधणं गेलं.
हे सगळं कागदावर.

अंबडला, प्रेस शॉपमध्ये,
पहिली जीभ ऐंशीव्या दाबाला तुटली.
दुसरी एकशे दहाव्या.
तिसरीनं मुनाफभाईंचा अंगठा कापला.
त्यांनी चिंधी गुंडाळत एवढंच विचारलं,
"पत्रा कुठल्या अंगानं लावलाय?"
पत्र्यालाही अंग असतं, लाकडासारखं.
रोलमधून ज्या दिशेनं तो बाहेर आला
तिला आडवी हवी वाकवायची रेघ,
नाहीतर तो मनात धरून बसतो.

आडवी घेतली. चारशेवर गेली.
तुटलीच.

मोजायला हर्षलला बसवला, आयटीआयचा पोरगा.
द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसून
दुपारभर खट् खट्,
शंभर झाले की भिंतीवर खडूची रेघ.
आकडा चुकला की स्वतःहून
मागच्या रेघेवर परत जायचा.
कुणी बघत नसलं तरी.

तडा नेहमी कोपऱ्यातून निघायचा,
केसाएवढा, भिंगाखाली दिसणारा.
मुनाफभाईंनी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं
बसचे पत्रे ठोकलेले. म्हणाले,
"मॅडम, तडा टोकावर धावतो.
टोकच काढून घ्या, जाईल कुठं?"
आणि जिभेच्या मुळाशी दोन्ही कोपऱ्यांत
दोन-दोन मिलिमीटरची भोकं पाडून दिली.
चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले मी,
पत्रा कमी केला की जास्त टिकतो
हे एकाही पेपरात आलं नव्हतं.

पाच हजारांवर खडू संपला.
आम्ही मोजणं थांबवलं.

पुण्याची पार्टी आली.
उघडून पाहिलं, लावून पाहिलं, वा म्हणाली,
मग कॅल्क्युलेटर काढला.
स्क्रू चाळीस पैसे, असे चार.
डायचे दोन लाख.
चहा तसाच राहिला.
नमुन्याचे दोनशे डबे कोण कुठं घेऊन गेलं
त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही,
आणि डाय ग्रीस फासून रॅकच्या खालच्या खणात.
मी पुढं पंख्यांच्या जाळ्या काढल्या,
बिजागऱ्या काढल्या, एका कंपनीसाठी
कीबोर्डचे पायही.

परवा मखमलाबादला, तलाठी कार्यालयात,
टेबलाखाली तो डबा.
रंग पिवळट, कपाळावर
मागच्या दसऱ्याचं हळदकुंकू.
भाऊसाहेबांनी मान न वळवता हात खाली नेला.
अंगठा.
खट्.
झाकण निघालं, आणि आतून,
पंख्याच्या वाऱ्याला निवांत पडलेली
तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी वर आली.
मळली, थापटली, ओठाखाली गेली.
पुडी आत. झाकण.
खट्.

दिवसाला दहा वेळा तरी.
वर्षाला अडीचशे दिवस धरू. अकरा वर्षं झाली.
रांगेत उभ्या उभ्या गुणाकार केला :
साडेसत्तावीस हजार.
चपलेचा पट्टा लावल्यासारखं करून खाली वाकले,
दोन भोकं पाहिली,
नख फिरवून पाहिलं कडेनं.
तडा नाही.

"ताई, काम काय तुमचं?"
भाऊसाहेबांनी ओठ सांभाळत विचारलं.

हेच, म्हणणार होते.
मागच्यानं कोपर लावलं.
सातबारा, म्हटलं.