एकतीस

ओव्हनमध्ये एका वेळी बाराच मावतात,
म्हणून व्हर्नानं तीन घाणे काढले.
बारा, बारा आणि शेवटचे सात.
टॉलो कोव्हमध्ये उरलेली माणसं मोजून.
डेल्फीनच्या पोटातलं धरायचं का
यावर आमचा अर्धा तास वाद झाला.
नाही धरलं.
ते इथं जन्मणार नव्हतं.

निळा रंग सेंट जॉन्सहून यायचा होता,
मंगळवारची बोट धुक्यात अडकली.
मग समुद्र हिरवा करू, व्हर्ना म्हणाली,
धक्क्याखाली वाकून बघ, हिरवाच असतो तो.

मागच्या खोलीचं दार तिनं बिजागऱ्यांवरून उतरवलं,
त्यावर चांदीचा कागद, त्यावर आमचे एकतीस कपकेक.
मुलांना देवमासा हवा होता.
म्हाताऱ्यांना बेट.
मी सरकवत राहिले, इकडे दोन, तिकडे तीन,
शेपटीचा धक्का झाला, फवाऱ्याचं दीपगृह,
शेवटी रूब येऊन बघून गेला.
"बूट आहे," म्हणाला. "चांगला बूट आहे."

गोल वस्तू कितीही जवळ आणा,
तिघांच्या मध्ये एक तिकोनी भोक राहतंच.
मी केकचा चुरा भरायला घेतला.
व्हर्नानं हातावर चापट मारली.
"क्रीम घट्ट कर. वरून फिरव. झाकलं जातं.
आत पोकळ असेल तरच उद्या सुटे निघतील."
चाळीस वर्षं होड्यांच्या भेगा बुजवलेली बाई.
मी गप्प बसले.

तिनं चुना द्यावा तसं क्रीम दिलं,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हात न उचलता,
आणि कुठं कोण संपतं ते दिसेनासं झालं.
मग बिस्किटांची घरं, जेलीची दारं,
वेफरचं चर्च, किंचित कललेलं.
आमचं घर तिनं पिवळं केलं.
ते कधीचं राखाडी झालंय, पण मी काही बोलले नाही.

मतदानात सव्वीस होय, एक नाही.
मुलांना मत नव्हतं.
चिठ्ठीवर नाव नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.
इलायस किपिंग तेव्हापासून फक्त कुत्र्याशी बोलतो.

शनिवारी हॉलमध्ये कागद घेऊन सरकारी बाई आली,
केक बघून म्हणाली, किती सुंदर, सुरी कुठाय?
मुलं हसली. सुरी लागतच नाही याला.
आणि हात पडले.

प्रत्येकानं आपापलं घर उचललं
असं सांगायला आवडलं असतं मला.
मुलांनी आधी चर्च नेलं, त्यावर क्रीम जास्त होतं.
रूबनं आमचं घर दोन घासांत संपवलं.
मी कुणाचं खाल्लं ते बघितलंच नाही.
एवढं मात्र बघितलं
की ओढताना क्रीम आधी ताणलं जातं,
मग तुटतं,
आणि दोघांच्याही कडेला
दुसऱ्याचा थोडा रंग लागून राहतो.

सरकारी बाईलाही कुणीतरी एक दिला. तिनं बोटं चाटली.
मोजणीत ती नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

इलायस आला तेव्हा खुर्च्या रचून झाल्या होत्या.
व्हर्ना दाराकडे बघत राहिली,
आडव्या पडलेल्या त्या दाराकडे.
काही नव्हतं. कागदाच्या वाट्या,
आणि भोकांतून खाली गळलेल्या क्रीमचे
छोटे छोटे तिकोनी ठिपके,
आमच्या मधल्या जागांचा तेवढाच नकाशा.

त्यानं हातमोजा काढला.
एक ठिपका बोटावर घेतला, हिरवा.
तोंडात धरून बराच वेळ उभा राहिला.
"समुद्र," तो म्हणाला, आणि आम्ही दोघी दचकलो,
"समुद्र फारच गोड केलायस, व्हर्ना."

तो गेल्यावर तिनं दार धुतलं,
पाठीवर घेऊन घरी नेलं,
मी खालून आधार दिला.
बिजागऱ्यांवर ते परत चढवलं.
मग सवयीनं
कडी लागते का ते बघितलं.