शुक्रवारची नोंद

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पावडर कोटिंगच्या कारखान्याला
पाठ लावून आमचा गाळा. बाहेर पाटी नाही.
आत एकतीस भेक, अंगठ्याच्या पेराएवढे,
जांभ्याच्या रंगाचे, आणि पोटाला
घाईत पुसलेलं हळदीचं बोट.

दारात ब्लीचच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचे.
साबण नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही.
बहिणीच्या लग्नात मी मेंदी काढली नाही,
ती अजून बोलते त्यावरून.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडेपर्यंत.
बरण्यांत पिकलेलं केळं, केळ्यावर चिलटं.
रातकिड्यांना गाजर किसून.
भेक पाळायचे तर आधी त्यांचं जेवण पाळायचं,
आणि त्याआधी त्या जेवणाचं जेवण.

पाऊस टायमरवर. पहाटे चार, वीस मिनिटं,
ठिबकच्या दुकानातून आणलेल्या चार फवाऱ्यांतून.
खाली सड्यावरचे सात दगड.
तो सडा आता नाही. म्हणजे आहे,
चिरे होऊन, कुणाकुणाच्या कंपाउंडला.
एकदा घणसोलीत अशी भिंत दिसली
तर स्कूटर थांबवून हात लावला मी.
तापली होती. एवढंच.

सहा वर्षं नर बोलले नाहीत.
रेकॉर्डिंग ऐकवलं. सुई टोचली.
दोनदा अंडी झाली, दोन्हीदा कापसासारखी पांढरी पडली.
डॉक्टर तुंगारे म्हणाले, तापमान.
मग म्हणाले, कॅल्शियम.
मग त्यांची बदली झाली.

रखवालदार पोशादादा मढवी. या गाळ्याखाली
त्यांच्या आज्याचं खाचर आहे असं ते सांगतात,
ऑफिसच्या टेबलाकडे बोट करून.
वजनकाट्यावर मी एकेक भेक ठेवते तेव्हा दारातून बघतात.
‘आमचे वेलला बेंडकांना कोनी मोजला नाय गो.
पाय टाकाला जागा नसायची.’

शुक्रवारी एमआयडीसीची लाइट जाते.
नियम असा, की तीन मिनिटांत जनरेटर.
चोवीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.
त्या शुक्रवारी माझे दोन्ही हात टाकीत होते, हातमोज्यांत,
चावी खिशात.
शेजारचा कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला.
त्यामागचा कुणाचा तरी पंखा थांबला.
मग बराच वेळ काही नाही.

मग सातव्या टाकीतून
वाटीच्या काठावर बांगडी लागावी तसं.
मला वाटलं, थर्मोस्टॅट.
पोशादादा म्हणाले, ‘गप.’

चोवीस पूर्णांक दोन. चोवीस पूर्णांक आठ.
पुन्हा तेच, दोनदा, लागोपाठ.
चौथ्या टाकीतून उत्तर.
पंचवीस पूर्णांक एक.
काय माहीत, ते सहा वर्षं बोलतही असतील,
आमच्यापर्यंत, एकमेकांपर्यंत, पोचत नसेल.

अकराव्या मिनिटाला मी जनरेटर सुरू केला
आणि बाई वर्गात आल्यासारखे सगळे गप्प.
रजिस्टरमध्ये: वीजपुरवठा खंडित. जनरेटर विलंबाने.
कारण: हातमोजे काढण्यास वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. वीरजीशेठ हसले.
‘बेडकासाठी कॉम्प्रेसर बंद?’
कामगारही हसले, ओव्हनची दारं धरून.
मग कॅलेंडर उलटून म्हणाले,
रात्री अकरा ते एक चालेल, पण महिनाअखेर नाही,
महिनाअखेर डिस्पॅच असतो.
एक रात्र स्वतः आले, ब्लीचमध्ये पाय बुडवून उभे राहिले,
तंबाखू बाहेर थुंकून.
ऐकलं.
‘एवढंच?’
हो, म्हटलं, एवढंच.

मंगळवारी सातव्या दगडाखाली चौतीस अंडी.
बुधवारी एकोणतीस.
आज अजून बॅटरी लावून बघितलं नाही.
काचेच्या दारापलीकडे पोशादादा,
एक हात मफलरमध्ये,
विचारतायत, किती गो?