कानाने ओळखतो : हो / नाही

भोसरी एमआयडीसीत, रिक्षावाले जिथे मीटरचं नावही काढत नाहीत
त्या गल्लीत आमची पंपाची कंपनी.
एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं. सगळी माझ्या स्क्रीनवर राहतात.
कोणाला काय दिसावं, कोणाचं बटण हिरवं, कोणाचं राखाडी,
हे मी ठरवते.
म्हणजे लोकांना तसं वाटतं. मी वरून आलेली यादी भरते.

भूमिका पाच : वाचक, नोंदणीकार, तपासनीस, मंजुरीदार,
आणि प्रशासक. ती मी, रेश्मा मुजावर,
पगाराच्या पट्टीत मात्र कनिष्ठ.

पहिल्याच आठवड्यात एचआरच्या चित्कला मॅडमनी
गुणधर्म वाढवून मागितले :
रक्तगट, बसचा थांबा, बुटाचा नंबर,
"आणि उपवासाचा पण टाक गं, कँटीनला बरं पडेल."
टाकला. वार निवडायची सोय केली.
चतुर्थी वार बघून येत नाही, हे नंतर कळलं.

जालिंदर तापकीर, स्टोअर, राहणार चऱ्होली.
भूमिका : वाचक.
ओतकामाचा माल उतरला की हे हातोडी घेऊन
एकेका बॉडीवर टक् करायचे, मान जरा कलती.
धड असेल ती घुमते. आत तडा असेल ती बद्द वाजते.
"मडकं वाजवून घेतो ना आपण, तेवढंच," म्हणायचे.

बाणेरहून आलेला सल्लागार म्हणाला,
मॅम, ऐकणारा ही काही भूमिका होत नाही.

मार्चअखेर. तीनशे बारा बॉडी.
साहेबांनी कोथरूडच्या घरून, मोबाइलवर, दोन मिनिटांत मंजूर केल्या.
तापकीर माझ्या टेबलाशी येऊन उभे :
"ताई, सव्वीस बद्द आहेत. कुठं लिहू?"
वाचकाला लिहायची चौकट नसते.
मी फोन लावला. "रिपोर्ट ओके आहे ना?"
रिपोर्ट ओके होता.

मे महिन्यात राजकोटहून माल परत आला.
सव्वीस नाही, एकोणतीस.
"तीन माझ्याकडनं निसटल्या," एवढंच म्हणाले,
आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

त्या दुपारी, डबा तसाच ठेवून,
कोणाला न विचारता मी एक गुणधर्म वाढवला.
नाव : कानाने ओळखतो. प्रकार : हो किंवा नाही.
आपोआप भरायचं मूल्य : नाही.
एका क्षणात एकशे अठ्ठ्याऐंशी जण नाही झाले,
एमडींसकट.
मग एका नावापुढे जाऊन हो केलं.
आणि नियम लिहिला : माल ओतकामाचा असेल
तर काम आधी यांच्याकडे, मग साहेबांकडे.

पहिलं काम आलं तेव्हा चष्मा कपाळावर,
अंगठा ग्रीसने काळा, फोन ओळखेना.
पुसून, पुन्हा पुसून, त्यांनी "नामंजूर" दाबलं
आणि दाबूनच धरलं,
दार उघडेपर्यंत बेल धरावी तसं.

चार वर्षं तो रकाना कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.
एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा.
"बसा की ऐकायला."
बसले नाही. त्या दिवशी कोणीतरी पासवर्ड विसरलं होतं.

परवा एकतीस तारीख. शाल, नारळ, गेटपाशी फोटो.
संध्याकाळी त्यांचं खातं बंद करायला घेतलं
तर सिस्टिमने विचारलं :
या वापरकर्त्याकडे सात कामे प्रलंबित आहेत. कोणाकडे सोपवायची?
खाली यादी उघडली.
रिकामी.

तूर्त माझं नाव टाकलं.
माझ्या नावापुढे नाहीचं हो केलं.
ते तपासायचा अधिकार या कंपनीत एकट्या मलाच आहे.

मग खाली स्टोअरमध्ये गेले.
हातोडी खिळ्याला होती, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
एका बॉडीवर टक् केलं. शेजारच्या बॉडीवर टक् केलं.
दोन्ही सारख्याच वाजल्या.

शिफ्टचा भोंगा थांबेपर्यंत थांबले.
मान जरा कलती केली.
पुन्हा.