रा. सदर

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर सत्तेचाळीस,
दुपारचे सव्वाबारा.
पंपाच्या केसिंगचा सुधारलेला नकाशा
घरीच राहिला, विश्रामबागेत.
रात्री दीडला सेव्ह केला होता.
पेनड्राइव्ह तेवढा आणला, रिकामा.
पॅटर्न शॉपचे मुजावर दोनदा दारात आले,
बोलले नाहीत,
माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघून गेले.

सकाळी संगणक बंद करायला विसरले होते,
तेच कामी आलं.
नऊ आकडी नंबर, मग पासवर्ड,
मग पाच किलोमीटरवरचं माझं टेबल
चौकोन चौकोन होऊन काचेवर उतरू लागलं.
वेग मिळावा म्हणून वॉलपेपर काढून टाकतं ते सॉफ्टवेअर:
हरिपूरचा घाट गेला, दोन्ही नद्या गेल्या,
काळ्या पडद्यावर उरली नुसती आयकॉन्स,
घर बदलताना भिंतीत खिळे राहतात तशी.

फाईल धरली, तर बाणानं हिसडा दिला.
मी डावीकडे ओढते, तो उजवीकडे जातो.
मी सोडला,
तर आपला आपण चालत गेला
आणि पत्त्यांचा डाव उघडला.

नाना.

तांबडी दश्शी पडून होती, काळी नव्वी शेजारीच,
त्यांना दिसेना.
मला राहवेना.
मी नव्वी उचलून दश्शीवर ठेवली.

बाण जागच्या जागी थिजला.
मग डाव मिटला, कोरं पान उघडलं.

नानांनी एकतीस वर्षं कोर्टाबाहेर पत्र्याखाली
लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप केली.
त्यांच्या मशीनवरचीच अक्षरांची जागा
मी या संगणकात घालून दिलीय.
बघता बघता ओळी उमटल्या,
एकही चूक नाही:

कारणे लिहून देतो की,
सदर बाण आमच्या हाताशिवाय
व आमच्या संमतीशिवाय हलत असून
हलविणार इसमाने आपले
नाव, वय, धंदा व राहणार
ताबडतोब कळवावे.

मी एका बोटानं अक्षरं शोधत बसले.
नाव रोहिणी महादेव कोष्टी.
वय छत्तीस.
धंदा नकाशे काढणे.
राहणार सदर.

बराच वेळ काही नाही. मग,
ओळख पटणेकामी पुरावा?

ओट्यावर डबा राहिलाय माझा. दोडका आहे.

डबा मिळून आला.
दोडका खाण्यात आला.
अळणी होता.

मी हसले, एकटीच, मोठ्यानं.
मुजावर तिसऱ्यांदा दारात.
त्यांना काय सांगणार,
की आमच्याकडे बोलणं म्हणजे गॅसचा नंबर,
दुधाचं बिल, मीटरचं रीडिंग,
आणि ही एवढी वाक्यं
आठवड्याभरात झाली नव्हती.

फाईल येत होती. बासष्ट टक्के.
नाना लिहीत होते:

तरी सदर इसमाने घरी येतेवेळी

आणि पडदा गेला.
विश्रामबागेतली लाईट.
कनेक्शन तुटलं, पुन्हा प्रयत्न करायचा का?
केला. सात वेळा केला.
बासष्ट टक्के नकाशाचं कुणी काही ओतत नाही;
चारपर्यंत आठवून आठवून
पुन्हा काढला सगळा, मुजावर शेजारी उभे.

पण डोक्यात दुसरंच.
येतेवेळी काय?

येताना टॉर्चचे सेल घेतले, बीपीच्या गोळ्या,
पावशेर भडंग, अर्धा डझन केळी,
सगळं अंदाजपंचे.
नानांनी पिशवी उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली,
मुद्देमालासारखी.
एवढं कशाला गं, म्हणाले.
काय आणायचं होतं?
कधी?
आणि भडंगाची पुडी तेवढी
आपल्या बाजूला सरकवली.
तो कागद सेव्ह झाला नव्हता.
डबा घासून पालथा घातलेला होता.

दुसऱ्या दिवशी फाईल पेनड्राइव्हवर घेतली,
दोनदा उघडून तपासली.
संगणक चालूच ठेवला.
डबाही राहू दिला ओट्यावर,
या वेळी मीठ घालून.