दोन बत्त्या

पौषात रुकडीच्या गुऱ्हाळावर
काहिलीत रस चढतो,
गुळव्या फेसावर नजर लावून बसतो
आणि चुलवाणात चिपाड सारणारं कुणीतरी
हमखास विचारतंच :
"पुलावरच्या बत्त्या बघितल्यास का रं?"

मग ज्याची त्याची निराळी.
वेताळाची पालखी म्हणे.
पूल बांधताना पायात घातलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणे.
शिरगोंडाच्या चुलत्याच्या बैलांनी
फाटकापाशी मान खाली घातली
ती उजाडल्यावरच वर केली.
एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत.
दोन असतात.
एक जरा वर, एक जरा खाली,
आणि मधलं अंतर कधी बदलत नाही.

मी उसाच्या कांडीवर काकवी घेतो
आणि गप्प राहतो.

माझा बाप तातोबा. लाइनीवर गँगमन,
पावसाळ्यात गस्तीवाला.
रुकडीपासून पुलाच्या मध्यापर्यंत त्याची हद्द,
पलीकडं वळिवड्यापर्यंत बाबालाल मुल्लाणीची.
मध्यावर भेटायचं,
एकमेकाच्या वहीत अंगठा उठवायचा,
एक बिडी दोघांत,
आणि पाठ फिरवून चालू लागायचं.
खाली पंचगंगा. तिला वहीबिही काही नसते.

एका साली राजाराम बंधाऱ्यावर
पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर गेलं
आणि बाबालालच्या छातीतही पाणी झालं.
हंगामी माणूस.
खाडा म्हणजे नाव कट.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं.
बाप गेल्यावर ट्रंकेत वही सापडली,
जी खरं तर ऑफिसात जमा व्हायला हवी होती.
रॉकेलचा वास, कडा कुरतडलेल्या.
माझी नोकरी तहसील कचेरीत, कारकून.
अंगठे बघण्यात जन्म गेला.
श्रावणातल्या अकरा रात्री,
अकरा रात्रींचे बावीस अंगठे.
पहिल्या रकान्यात बापाचा.
दुसऱ्या रकान्यात, मुल्लाणीच्या नावापुढं,
मधोमध आडवी चीर.
हातोड्यानं फुटलेला तो डावा अंगठा
मी लहानपणी धरून चालायचो.

म्हणजे अकरा रात्री तो मध्यावरून मागं वळलाच नाही.
मध्यावर थांबायचा.
बाबालालची बत्ती पेटवायचा,
हद्द त्याची, म्हणून.
स्वतःची विझवायचा नाही,
परत यायचं होतं, म्हणून.
बिडीचं काय करायचा, वहीत लिहिलेलं नाही.
स्लीपर वाहून वाहून उजवा खांदा उतरलेला,
त्यामुळं एक वर, एक खाली.
एवढंच. एवढीच ती पालखी.

हे गुऱ्हाळावर सांगावं असं कितीदा आलं ओठांवर.
पण खोटा अंगठा तो खोटाच.
असल्याच अंगठ्यावरून दोघांवर कारवाई व्हावी
असं मी स्वतः लिहून दिलंय,
निळ्या शाईत, मुद्देसूद.
त्यातला एक रोजगार हमीवरचा होता,
दुसऱ्याचं नाव आठवत नाही.
आठवत नाही म्हणतो, पण आठवतं.

बाबालाल बरा झाला, कायम झाला,
मिरजेला बदली होऊन तिथंच वारला.
बापाला जाऊन एकवीस वर्षं.
लाइनीवर आता विजेचं इंजिन,
गस्तीवाल्याच्या गळ्यात जीपीएस,
अंगठ्याची गरजच उरली नाही.
तरी बत्त्या दिसतातच.

परवा चिपाड सारता सारता
जंबूचं धाकटं पोरगं म्हणालं,
"काल मीबी बघितली काका. एकच हुती."

काकवी हातावर सांडली. भाजलं.
मी विचारलं, वरची का खालची?

पोरानं माझ्याकडं असं बघितलं
जसं म्हाताऱ्यांकडं बघतात.
"एकच असल्यावर
वर काय नि खाली काय, काका?"