परिशिष्ट ब

नेरीना पेर्टोत आज खोली रिकामी करते आहे.
त्रिएस्तेत सकाळपासून बोरा सुटलाय,
खिडकीच्या फटीतून शीळ घालतो.
एकतीस वर्षांचे कागद
खोक्यात बसायला तयार नाहीत.

दारावर आलेख. त्यात एक ठिपका,
तिच्या हातचा, लाल शाईचा.
तिचा कण असलाच, तर इथे असायला हवा होता.
दर दोन-तीन वर्षांनी जिनिव्हाहून नवी रेघ यायची
आणि रेघेच्या अलीकडचं सगळं राखाडी व्हायचं:
इथे नाही. इथेही नाही.
भरतीचं पाणी वाळूवर चढावं तसा तो रंग
ठिपक्याच्या कडेशी येऊन थबकला,
मग एका मंगळवारी
वरून गेला.

त्या दिवशीही तिनं काचेच्या पेल्यात कॉफी घेतली,
दोन वाजता वर्ग घेतला.

वडील मोनफाल्कोनेच्या गोदीत वेल्डर.
त्यांचं जहाज पाण्यात उतरलं की गावभर भोंगा वाजे.
"तुझं कधी उतरतंय?"
दर नाताळात विचारत, माशाचे काटे काढता काढता.
"माझं कागदावरच तरंगतंय, पापा."
"तरंगतंय ना? मग गळत नसणार."
पुढे एका नाताळात कुणी विचारलं नाही.

हाम्बुर्गला दोन वर्षं, डरमला दोन, उप्सालाला तीन.
दर गावी भाड्याची सायकल, नवी किल्ली.
एक लग्न उप्सालात राहून गेलं,
छत्री राहते तसं.

तिथल्याच एका कंटाळवाण्या फेब्रुवारीत
एक किचकट इंटिग्रल टाळण्यासाठी केलेली युक्ती:
परिशिष्ट ब, दीड पान.
निबंध आता कुणी उघडत नाही.
युक्ती मात्र सगळे वापरतात,
आधी तिच्या नावानं, मग तळटिपेत,
हल्ली नुसतंच, "हे सर्वांना ठाऊक आहे की".
मागच्या महिन्यात एका पोरानं फळ्यावर
ती तिलाच समजावून सांगितली.
छान सांगितली. एक उणे चिन्ह चुकलं.
तिनं उठून तेवढं दुरुस्त केलं.

सफाईवाली द्रागित्सा विचारते, फळा पुसू?
"थांब, मी पुसते."
ओल्या स्पंजाखाली फळा काळाभोर होतो,
वाळू लागला की
जुनं पांढुरकं काहीतरी परत वर येतं.
दोघी बघत राहतात.
"तुमच्यात कुणी कधी नीट पुसलाच नाही," द्रागित्सा म्हणते.

खाली रस्त्यावर वाऱ्यात धरायला दोर बांधलाय.
खोकं काखेत, एक हात दोराला.
आलेख तिनं दारावरच ठेवला.
पुढच्यानं काढावा,
वाटलं तर.